तीन नंबरचा वाफा

पिंप्राळा, जळगाव
१२ मार्च २०२५

चि. झुलाल यास अक्काचा जयभीम.

तुझी गोणी काल दुपारी मिळाली. साक्रीच्या गाडीचा कंडक्टर भला माणूस, मी स्टँडवर पोचेपर्यंत त्यानं ती सावलीत ठेवली होती. रिक्षावाल्यानं मात्र आत काय आहे ते कळल्यावर तोंड वाकडं केलं. "मावशी, हे घरात नेणार तुम्ही?" मी म्हटलं, "बाबा, पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, याहून लांब माणसांच्या पोटातून निघालेली बघितली आहेत." तेव्हा कुठं त्यानं गोणी पायाशी घेतली आणि रिक्षा सुरू केली.

परसात शेवग्याच्या सावलीत विटांचा वाफा करून ठेवलाच होता. तू लिहिलंस तसं खाली नारळाच्या शेंड्या, वर पालापाचोळा, त्यावर गवळ्याकडचं अर्धं सुकलेलं शेण. तुझी गांडुळं सोडण्याआधी गोणीतली सगळी माती मी पिठाच्या चाळणीनं चाळून घेतली. रागावू नकोस. तुझ्या सामानात खिळे, तारा, बिडीची थोटकं काय काय निघतं ते मला माहीत आहे. पण या खेपेला दोन खडे आणि एक वाळलेली लिंबोळी, बाकी काही नाही. सुधारलास म्हणायचा. वर ओलं गोणपाट टाकलंय.

फोन करू नकोस. डावा कान तर गेलाच होता, उजवाही आता निवृत्तीला आलाय. शिवाय तुझ्या गावाला रेंज नाही. तू टेकडीवर चढून ओरडणार, मी इथं अर्धं ऐकणार, आणि स्नेहल वरच्या मजल्यावरून पळत येणार की काकूंना झालं काय. भाडेकरू आहे पण पोटच्या पोरीसारखं बघते. पत्र बरं.

आता खरं काम. आईचा कलश कधी आणतोस? की मी येऊ? आई झोपेत गेली तेव्हा माझ्या डोळ्यांना मोतीबिंदूची पट्टी होती. तू निरोप पाठवलास, अक्का, रक्षा ठेवतो, तुझ्या हातानं मातीत देऊ, तुझ्याशिवाय मी काही करणार नाही. त्या शब्दावर मी डोळे सांभाळले, रडले नाही. आपल्या घरात कुणी नदीत सोडत नाही, कावळ्याची वाट बघत नाही. आबांचं केलं तसं मातीत खड्डा, वर एक झाड, एवढंच. पण एवढं माझ्या हातून व्हायला हवं, झुलाल. दुसरं काही मला तिच्यासाठी करता आलं नाही.

शेवंताला जयभीम सांग.

तुझी,
अक्का

•

टेंभरपाडा, ता. साक्री
२० मार्च २०२५

ती. अक्कास झुलालचा सविनय जयभीम.

पत्र पावलं. माती चाळलीस हे वाचून शेवंता खूप हसली. पण चाळलेली माती टाकली तर नाहीस ना? तेच खरं विरजण आहे. जुन्या वाफ्यातली मूठ नव्या वाफ्यात पडल्याशिवाय गांडूळ रुळत नाही. आमच्याकडे देणारा ती मूठ स्वतःच्या हातानं घालतो, मीही गोणी शिवण्याआधी शेवटची मूठ माझ्या हातानं घातली. गांडुळं माझ्या तीन नंबरच्या वाफ्यातली आहेत. सगळ्यात जुना वाफा तो.

दिवसातून दोनदा पाणी शिंपड, पण चिखल करू नकोस. तुमच्याकडे केळीला तोटा नाही, खोड बारीक तोडून घाल. मुंग्या येऊ देऊ नकोस. कोंबडी फिरकू देऊ नकोस. आणि वाफा सारखा उकरून बघू नकोस, पेशंट नाही तो.

कलश आतल्या खोलीत फडताळात आहे. वर आईच्या लुगड्याचा तुकडा बांधलाय. रोज संध्याकाळी हात लावून बघतो. आई इथं सुखरूप आहे, काळजी करू नकोस. सध्या ऊन फार आहे, तुझे डोळे अजून कच्चे, या फुफाट्यात येऊ नकोस. ऊन उतरलं की मी कळवतो.

तुझा,
झुलाल

•

पिंप्राळा
७ एप्रिल २०२५

चि. झुलाल यास जयभीम.

तुझ्या गांडुळांचे लाड चालले आहेत. केळीची सालं दोन दिवसांत फस्त, कलिंगडाच्या साली चार दिवसांत, पपई तर विचारूच नकोस. पण कांद्याची पात घातली ती जशीच्या तशी. नुसती तशीच नाही, वाफ्याच्या कडेला सारून ठेवलेली. हसशील, पण मला आईच आठवली. ताटात कांदा दिसला की ती बोटानं असाच कडेला सारायची आणि वाढणारीकडे बघायची.

आणखी एक. वाफ्याची डावी बाजू खचते. सकाळी पालापाचोळा घालून सारखी करते, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार बोटं खाली. आईचं खुब्याचं हाड मोडल्यावर डावा पाय आखूड झाला होता, आठवतं? डाव्या चपलेला मी धुळ्याहून जाड तळ लावून आणला होता. आता रोज वाफ्याची डावी बाजू भरताना तो तळ आठवतो.

तिसरी गोष्ट लिहू की नको असं आठ दिवस चाललंय. परवा दुपारी गोणपाट उचलायला वाकले आणि डाव्या कानात आवाज आला. डाव्या, झुलाल. त्या कानाला गेली अकरा वर्षं कुकरची शिट्टी ऐकू आलेली नाही. सुपात दादर ज्वारी पाखडावी तसा आवाज. सर्र... मग थोडं थांबून, सर्र. वाफ्यापासून चार पावलं मागे सरले की बंद. पुढे झाले की सुरू. स्नेहलला बोलावलं. तिनं गुडघे टेकून कान लावला, तिला फक्त शेजारचा कूलर ऐकू आला. चांगले कान असून!

भुताखेतांचं मी बोलत नाही, आपल्याला ते शोभत नाही. कानात आवाज येणं म्हणजे काय हे मी पेशंटना समजावून सांगितलेलं आहे. तरी दुपारची भांडी झाली की माझे पाय परसाकडे वळतात. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

डोळे आता पक्के झाले. बुद्धपौर्णिमेला येऊ का?

अक्का

•

टेंभरपाडा
१५ एप्रिल २०२५

ती. अक्कास जयभीम.

कांदा-लिंबू कुठलंच गांडूळ खात नाही, त्याच्या अंगाला ते सोसत नाही. डावी बाजू खचते कारण तिकडे सावली जास्त असेल, म्हणून तिकडेच सगळी जास्त खातात. आणि हजारो जीव ओल्या पाल्यात हलले तर आवाज होणारच. यात काही नाही.

फक्त एवढं कळव. आवाज किती वाजता येतो? रोज त्याच वेळेला येतो का?

बुद्धपौर्णिमेला येऊ नकोस. इथं पाण्याचे हाल आहेत, टँकरवर चाललंय. मी कळवतो म्हटलं ना.

वाफा खोल उकरू नकोस, परत सांगतो.

झुलाल

•

पिंप्राळा
२ मे २०२५

चि. झुलाल यास जयभीम.

तीन वाजता येतो. मागेपुढे पाच मिनिटं. आई जेवून, आडवी होऊन उठायची आणि सूप घेऊन ओट्यावर बसायची ती हीच वेळ, हे तुला ठाऊक आहे म्हणूनच तू विचारलंस, होय ना? मग "यात काही नाही" असं कशाला लिहितोस?

वाफा मी उकरला नाही. तरी एक वस्तू निघाली. काल गोणपाट उचललं तर अगदी वर, केळीच्या सालीवर, एक स्क्रू पडला होता. त्याच्याभोवती गांडुळांचं वेटोळं, चिमट्यानं सोडवावं लागलं. लांबी माझ्या करंगळीएवढी. हा सुताराचा स्क्रू नाही. आटे बारीक आहेत, डोक्यात सहा कोनांचा खळगा आहे. गंजलेला नाही. पण रंग निळसर-जांभळा झालाय, स्टोव्हवर तापलेल्या उलथन्याचा होतो तसा.

तुझी माती मी पिठाच्या चाळणीनं चाळली होती. त्या चाळणीतून रवा जात नाही, करंगळीएवढा स्क्रू कसा जाईल?

तुझ्या कुठल्या यंत्राचा असेल तर सांग. धुऊन देवळीत ठेवलाय.

अक्का

•

टेंभरपाडा
९ मे २०२५

ती. अक्कास जयभीम.

कडबा कापायच्या मशीनचा असेल. शेणातून आला असेल, गवळ्यांच्या शेणात काय वाटेल ते असतं. टाकून दे. घरात ठेवू नकोस.

पुढच्या महिन्यात पेरणी उरकली की मीच येतो. तू निघू नकोस.

झुलाल

•

पिंप्राळा
२५ मे २०२५

झुलाल,

आज इकडचं तिकडचं लिहीत नाही.

दुसरा स्क्रू बारा तारखेला आला, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी. तिसरा काल. दोन्ही वेळा दुपारी तीन वाजता, गोणपाटाखाली, अगदी वर. काल तर मी आधी अडीचला गोणपाट उचलून बघितलं होतं. ओला पाला, बाकी काही नाही. तीनला आवाज आला, पुन्हा उचललं, आणि तो होता. तिन्ही सारखे. तिन्ही आगीतून आलेले.

माझ्या कपाटात खाकी पाकिटात एक एक्स-रे आहे. २०१७ साली आई ओट्यावरून पडली आणि धुळ्याला तिचं ऑपरेशन झालं तेव्हाचा. डॉक्टर ओळखीचे, मला थिएटरात उभं राहू दिलं होतं. हाडाला पट्टी बसवली, तिला भोकं चार, स्क्रू तीन. चौथं भोक का रिकामं म्हणून मी विचारलं तर म्हणाले, सिस्टर, म्हातारं हाड आहे, तिथं पकड मिळत नाही. मी आज एक्स-रे खिडकीला धरला आणि स्क्रू एकेक करून त्याच्यावर ठेवले. लांबी जुळते. आटेसुद्धा मोजले.

त्या ट्रेमधले स्क्रू मी माझ्या हातानं डॉक्टरांना दिले होते, झुलाल. मला कडब्याचं मशीन सांगू नकोस.

आईच्या अंगातलं लोखंड तिच्या रक्षेत असायला हवं. रक्षा तुझ्या फडताळात असायला हवी. तू रोज संध्याकाळी हात लावून बघतोस. मग माझ्या परसात काय येतंय?

कलश कुठं आहे?

प्रमिला

•

टेंभरपाडा
१४ जून २०२५

ती. अक्का,

तीन वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. शेवंता म्हणाली, आता नाही लिहिलंस तर मी लिहीन.

कलश नाही. कधीच नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळीच मी रक्षा मातीत दिली, वाफ्यांच्या पलीकडे जुन्या लिंबाखाली. बरोबर ठाकऱ्या होता. हा पंचवीस वर्षं माझ्याकडे वाफ्यांचं बघतो, तोसुद्धा म्हणाला, "भाऊ, अक्काले येऊ दे ना." मी ऐकलं नाही.

का ते सांगतो. दोन वर्षांमागे दिवाळीत तू आली होतीस, आईला कुशीवर वळवलंस, पाठीवरची जखम बघितलीस आणि भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, शेवंतासमोर म्हणालीस, "जनावराला तरी असं ठेवू नये." जखम होती. आम्ही जीव तोडून करत होतो आणि तरी जखम होती. ते वाक्य माझ्यात रुतलं. आई गेली तेव्हा मला वाटलं, जिनं मला असं म्हटलं तिच्या हातानं माती द्यायची आणि मी बाजूला उभं राहायचं? संताप आला. खड्डा भरला. माती दाबताना हात थांबले तेव्हा कळलं की काय केलं. मग तुला ते खोटं कळवलं. एकदा कळवल्यावर मागे फिरायला वाट राहिली नाही.

याहून वाईट आहे ते लिहितो. आई झोपेत गेली नाही. पंधरा दिवस मरणाच्या दारात होती, शुद्धीवर. दुपारी तीनला डोळे उघडायची आणि तू आलीस का ते विचारायची, "पमी ऊनी का?" मी म्हणायचो, "उद्या ई." रोज म्हणायचो, उद्या येईल. तुला कळवलं नव्हतं. तुझे डोळे तेव्हा उघडे होते अक्का, पट्टी नंतर लागली. शेवटच्या दुपारी तिनं माझं मनगट धरलं. "पमीना हातनी माती दे माले." मी म्हटलं, हो.

आता गांडुळांचं. तीन नंबरच्या वाफ्यातली पाठवली हेही खोटं. फेब्रुवारी संपताना ठाकऱ्या धावत आला. "भाऊ, वाफामा एक बी नही. बठ्ठा गांडूळ लिंबना खाले गयात." मी जाऊन बघितलं. पाचही वाफे रिकामे, आणि लिंबाखालची ती जागा उकळत्या भातासारखी हलत होती. गांडूळ गारव्याला पळतं, मला माहीत आहे. पण पंचवीस वर्षांत पाच वाफे एका ठिकाणी पळालेले बघितले नाहीत. त्याच आठवड्यात तुझं मागणीचं पत्र आलं होतं. जिवंत गांडूळ तेवढ्या एकाच जागी होतं. तिथलंच काढलं आणि शेवटची मूठही तिथलीच घातली. देणाऱ्याच्या हातची.

पण स्क्रू त्या मातीत नव्हते. म्हणूनच लिहायला इतके दिवस लागले. राख गोळा करताना पट्टी आणि तीन स्क्रू ठाकऱ्यानं वेचून काढले होते, झाडाच्या मुळाला लोखंड नको म्हणून. मी ते आईच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून पेटीत, कपड्यांखाली ठेवले. पेटीला कुलूप आहे, किल्ली माझ्या करदोट्याला. तुझं पत्र वाचून पेटी उघडली. गाठ मी मारली होती तशीच होती, तिहेरी. सोडली. पट्टी होती. स्क्रू नव्हते.

पेरणी आटोपली की महिन्याच्या शेवटी पट्टी घेऊन येतो. तुझ्या हातानं दे. मला काय बोलायचं ते तेव्हा बोल, मी खाली मान घालून ऐकेन.

झुलाल

•

पिंप्राळा
२३ जून २०२५

चि. झुलाल,

पट्टी घेऊन येऊ नकोस. ती आली.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. परसातल्या पायरीवर बसून वाचलं, दोनदा. डोळ्यांवर पट्टी नव्हती तेव्हा, झुलाल. डोळे उघडे होते माझे. पंधरा दिवस. साक्रीची गाडी रोज आमच्या स्टँडवर येते, रोज परत जाते. मी त्या पंधरा दिवसांत काय करत होते ते आठवून बघितलं. कुरडया घातल्या. स्नेहलच्या मुलीला स्वेटर विणला. एक दिवस नुसती पडून होते, कंटाळा आला म्हणून.

त्या दिवाळीला मी जे बोलले ते चूक होतं. अशी जखम दवाखान्यात चार-चार नर्सा असूनही होते, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आईकडे मी आले नव्हते वर्षभर, त्याची लाज तुझ्यावर काढली. हे माझं. पण माझ्या एका वाक्याची शिक्षा तू तिला दिलीस.

तीन वाजले तसा आवाज आला. या वेळी पाखडण्याचा नाही. आवाज थांबल्यावर गोणपाट उचललं. पट्टी होती, आडवी, आईच्या मांडीत होती तशी. चौथ्या, रिकाम्या भोकातून एक गांडूळ अर्धं बाहेर आलं होतं. माझ्यासमोर ते पूर्ण बाहेर आलं आणि मातीत गेलं. मग मी दोन्ही हात घालून सगळा वाफा उपसला. तुझी एवढी गांडुळं, झुलाल, त्यातलं एकही नाही. पाला नाही, शेण नाही, सालं नाहीत, कांद्याची पात नाही. नुसती माती. चहाच्या भुकटीसारखी काळी, मऊ, आणि कोमट.

काल मी शेवग्यापाशी खड्डा घेतला. पट्टी ठेवली, तीन स्क्रू ठेवले, वर ती सगळी माती माझ्या हातानं दिली. स्नेहल पाणी घालायला उभी होती. डोळे आता कितीही रडले तरी चालतात म्हणाले डॉक्टर.

प्रमिला

•

टेंभरपाडा
४ जुलै २०२५

ती. अक्का,

पेटी उघडली. कुलूप होतं, गाठ होती, लुगड्याचा तुकडा होता. रिकामा.

लिंबाखाली खणलं. मी आणि ठाकऱ्यानं कमरेइतकं खणलं. आठ दिवस पाऊस लागलाय, सगळं रान ओलं आहे, पण तेवढ्या जागेत भुसभुशीत कोरडी पांढरी धूळ. राखेचा कण नाही. ओल नाही. ठाकऱ्यानं फावडं टाकलं. "भाऊ, माय गयी. आठे काहीच नही शे." त्यानंतर तो कामावर आलेला नाही. लिंबाचा पाला भर पावसात पिवळा पडतोय. पाचही वाफे रिकामे. दुसऱ्याकडून गांडुळं आणून सोडली, सकाळी एकही नव्हतं.

वाफ्यांचं जाऊ दे. दुपारी तीनला मी आईच्या खाटेपाशी जाऊन बसतो. काही ऐकू येत नाही. माझे कान चांगले आहेत अक्का, मला पिंपळनेरच्या रस्त्यावरची मोटार ऐकू येते. घरात काही ऐकू येत नाही.

मागायचं तोंड नाही, तरी मागतो. तिकडची मूठभर माती पाठव. विरजण म्हणून. साक्रीच्या गाडीत दे, मी स्टँडवर उभा राहीन. नाहीतर मीच येतो, तू म्हणशील त्या दिवशी. एकदा हात लावू दे. आई माझ्याजवळही होती ना, शेवटची नऊ वर्षं? तू फक्त कधी येऊ ते सांग.

तुझा,
झुलाल

•

पिंप्राळा
१५ जुलै २०२५

चि. झुलाल यास अक्काचा जयभीम.

पत्र पावलं.

सध्या पाऊस फार आहे. रस्ते खराब, तुझी कोळपणी राहिली असेल, अशात निघू नकोस. उघडीप पडली की मी कळवते. मूठ पाठवायची तर देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं घालायची असते, आणि माझा हात अजून तेवढा मोकळा झालेला नाही.

आई इथं सुखरूप आहे, काळजी करू नकोस. रोज संध्याकाळी हात लावून बघते. माती अजून कोमट आहे.

तुझी आठवण काढते. दुपारी तीनला, शेवग्यापाशी बसले की डाव्या कानात अगदी स्पष्ट येतं. "झुल्या ऊना का?"

मी सांगते, उद्या ई.

तुझी,
अक्का